आपला नम्र, जी. मैंदर्गीकर

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

निवृत्त माणसाला मंगळवारच्या बाजारात एकटं सोडू नये असं बायकोचं, म्हणजे सबिहाचं, मत आहे. आज मी ते मत आणखी पक्कं केलं. गेलो होतो कुकरच्या शिट्टीला, आलो फोटो घेऊन. शिट्टी राहिली. दुपारी वरण भगुल्यात शिजलं आणि मला त्याबरोबर दोन शब्दही वाढण्यात आले.

पण काय फोटो आहे! भंगारवाल्याने बंद पडलेल्या पंख्याखाली दाबून ठेवला होता. डोक्याला तुऱ्याचा फेटा, कोरलेल्या मिशा, जरीचा अंगरखा, एक हात तलवारीच्या मुठीवर आणि हनुवटी जराशी वर. संगीत नाटकातला नायक, म्हणजे राजपार्ट. खाली निळ्या शाईत, पाणी लागून किंचित पसरलेली सही : 'आपला नम्र, जी. मैंदर्गीकर.' मागे शिक्का आहे, श्री बसवप्रसाद संगीत नाटक मंडळी.

परदेशात ऑपेरा गाणाऱ्यांचे असे सही केलेले जुने फोटो लोक जमवतात, हे मी निवृत्त झाल्या झाल्या मोबाईलवर पाहिलं. तेव्हापासून हे खूळ लागलं. आमच्याकडे ऑपेरा नसला तरी संगीत नाटकं होती, आणि गावोगाव तंबू ठोकून मध्यंतरात सही केलेले फोटो विकणाऱ्या कंपन्या होत्या. आता कपाटाचा वरचा कप्पा भरला आहे. लोकांना वाटतं की मला गाणं कळतं. मी तसं वाटू देतो. खरं तर सगळी नोकरी एसटी स्टँडवरच्या माईकसमोर गेली. 'सोलापूर-अक्कलकोट गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागली आहे' याच्या पलीकडे माझ्या गळ्यातून काही निघालेलं नाही.

सबिहा कोथिंबीर निवडत होती. तिने फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "ये तो बाई है जी."

मी हसलो. मग खुर्ची ओढून तिला नीट समजावून सांगितलं की त्या काळी पुरुष बायकांची कामं करायचे. उलटं नव्हे.

"पर कान में छेद है."

"राजे लोक भिकबाळी घालत."

"नाकातसुद्धा?"

"तो फोटोवरचा डाग आहे."

"हौ," ती म्हणाली, "तुम्हारेकूच सब मालूम." आणि कोथिंबिरीकडे वळली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

फोटो शिवयोगीसरांना दाखवला. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता आमच्या जुळे सोलापुरातल्या वाचनालयाचे अध्यक्ष आहेत. सरांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अस्सल मर्दानी सौंदर्य, नदाफ!" सबिहाचं म्हणणं मी गंमत म्हणून सांगितलं. सर मोठ्याने हसले. सही पाहा, म्हणाले, 'आपला' नम्र लिहिलंय, 'आपली' नाही. वाद मिटला! एवढा साधा पुरावा माझ्या लक्षात आला नव्हता, याची मात्र लाज वाटली.

घरी येऊन सबिहाला 'आपला' दाखवलं. ती म्हणाली, "छान अक्षर आहे बाईचं."

सरांनी एक कल्पना मांडली आहे. माझ्या संग्रहाचं प्रदर्शन! वाचनालयाच्या सभागृहात, फेब्रुवारीत. मधोमध हा फोटो मोठा करून ठेवायचा आणि मी त्यावर बोलायचं. मी दोनदा 'नको' म्हणालो. तिसऱ्यांदा सरांनी आग्रह केला नसता तर पंचाईत झाली असती.

बुधवार, ४ डिसेंबर

जी. मैंदर्गीकर कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. ऑपेरावाल्या परदेशी मंडळींच्या गटात फोटो टाकला होता. आज कुणा आजोबांचं उत्तर आलं. मोबाईलने भाषांतर करून दाखवलं : 'किती रुबाबदार स्त्री! आमच्या ऑपेरातही गायिका तरुण राजपुत्रांची कामं करतात.' मी त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं. तुमच्याकडे चालत असेल, आमच्याकडची परंपरा वेगळी आहे, वगैरे. त्यांनी अंगठा दाखवला. नम्र गृहस्थ दिसतात.

पुढच्या आठवड्यात मैंदर्गीलाच जाऊन येतो. नावातच गाव आहे. हे सुचायला मला दोन आठवडे लागले.

बुधवार, ११ डिसेंबर

आजचा दिवस सोन्याचा! सगळं लिहून काढतो.

अक्कलकोटला गाडी बदलली. कंडक्टरने माझा आवाज ओळखला आणि तिकीट देताना 'काय साहेब, फलाट कितवा' म्हणाला. मैंदर्गीत उतरलो आणि पारावरच्या मंडळींना विचारलं, "मैंदर्गीकर कुठे राहतात?"

एक जण म्हणाला, "हितं समदेच मैंदर्गीकर की ओ!"

मग फोटो काढला. पारावर एक म्हातारे गृहस्थ होते, ज्ञानबा म्हणून. त्यांनी फोटो हातात घेतला आणि हसायला लागले ते थांबेनातच. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्यांना दमा असावा. जरा दम खाऊन म्हणाले, "गिरिजाबाईंकडं जावा. पंचाक्षरीच्या घरी. त्यांना इचारा ह्यो कोन राजा म्हनून."

पंचाक्षरींचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, मागे घर. पन्नाशीचे, कपाळाला विभूती, बोलायला शांत गृहस्थ. ओसरीवर त्यांच्या आई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे वय असेल, पण पाठ अगदी सरळ. उंच, इरकली नेसलेल्या, आवाज घोगरा.

"बर्री, कूडरी," म्हणाल्या. या, बसा.

मी एसटीतला निवृत्त माणूस म्हणून ओळख सांगितली आणि फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ आणला, मग मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला.

"कुटं घावला ह्यो?"

"सोलापूरच्या बाजारात."

"भंगारात?"

खोटं बोलता आलं नाही. "हो."

"म्हंजी कुनीतरी इतकी वर्सं जपला म्हनायचा."

"हे आपले कोण?" मी विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं तोच पंचाक्षरी पाण्याचा तांब्या घेऊन आले. फोटोकडे बघून म्हणाले, "अरे, हे तर मामा आमचे! असाच एक फोटो आईच्या ट्रंकेत होता. वडलांनी टाकून दिला. मामा नाटकात होते."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "व्हय," म्हणाल्या. "ह्याचा मामा."

"आता कुठे असतात?"

"न्हाईत आता."

"कधी गेले?"

"ह्याच्या बापाशी माजं लगीन झालं की. तवाच गेले."

मी लिहून घेतलं : बहिणीच्या लग्नाच्या वर्षी निधन. विरहाने? तपास करणे.

मग विचारलं, माणूस कसा होता? बाईंचा चेहरा खुलला. "लई ताठ! स्टेजवर आला की मागच्या कनातीपर्यंत गप. बायका तर येड्या व्हायच्या. एकीनं सोन्याची अंगठी पाठवली व्हती. कंपनीच्या मालकानं परत केली."

"आणि गाणं?"

"खालच्या पट्टीतलं. तुमी ऐकला असता तर यस्टी सोडून कंपनीमागं आला असता."

"तो आवाज गेला तो गेलाच," मी उसासा टाकला.

"गेला की," बाई म्हणाल्या आणि मला चहा ओतून दिला.

निघताना त्यांनी विचारलं, "इतक्या लोकांचे फोटू गोळा करून काय करता?"

"बघतो."

"आन ऐकता कवा?"

मी फोटो जपून पिशवीत ठेवला. बाई मोठ्या मनाच्या आहेत. भावाबद्दल बोलताना एकदाही रडल्या नाहीत.

गुरुवार, १२ डिसेंबर

सबिहाला सगळं वाचून दाखवलं. ती पोळी लाटत होती, ती थांबली. म्हणाली, "लग्न झालं आणि तोच गेला?"

"हो. केवढं प्रेम बघ भावाचं."

सबिहा माझ्याकडे बघत राहिली. तव्यावरची पोळी जळली. मी 'पोळी, पोळी' म्हणालो तरी हलेना. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला मीही येते. मला त्या बाईंना भेटायचंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या संग्रहात तिला रस वाटला. हुरूप आला.

सोमवार, ३० डिसेंबर

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, रानातल्या पूजेचा सण. पंचाक्षरींनी आम्हा दोघांना शेतावर जेवायला बोलावलं होतं. कडब्याची कोप करून त्यात पूजा मांडली होती. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मी आंबील इतकं प्यालो की पंचाक्षरींनी मला बांधावरून फिरवून आणायचं ठरवलं. सबिहा आणि गिरिजाबाई कोपीपाशीच बसल्या. दोघींचं लगेच जमलं. एक कानडी मिसळून बोलते, दुसरी दखनी मिसळून, पण थांबायला कोणी तयार नाही.

ज्वारी डोक्यापर्यंत आली होती. आम्ही विहिरीपाशी पोचलो तेव्हा मागून गाणं ऐकू आलं. पुरुषी, खर्जातला आवाज. मधेच फाटत होता, पण अशी एक हरकत घेतली की माझ्या अंगावर काटा आला.

"कोण हो?" मी विचारलं.

पंचाक्षरींनी कान दिला. "असंल कोणी गडी. शेजारच्या रानात पंगत हाय."

"त्या गड्याला प्रदर्शनात गायला बोलवू या!" मी म्हणालो आणि ज्वारीतून धावत सुटलो. पानं गालाला कापली. कोपीपाशी पोचलो तर आवाज बंद. दोघी बायका शांत बसलेल्या, आणि सबिहाचे डोळे लाल.

"गाणारा कुठे गेला?"

"तिकडं," गिरिजाबाईंनी हात केला. मी तिकडे गेलो. तिकडे बैल होता.

परतीच्या एसटीत सबिहा खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? "मला विचारू नका. मी शब्द दिलाय." आंबिलाची कृती असणार. या भागातल्या बायका ती सहजी सांगत नाहीत.

पंचाक्षरींची एक गोष्ट लिहायची राहिली. विहिरीवर बसून ते म्हणाले की वडील फार कडक होते. यांनी लहानपणी शाळेच्या नाटकात नाव दिलं तर वडलांनी छडीने मारलं. म्हणाले, 'मामाच्या वळणावर जाऊ नको.' आई स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आलीच नाही. "त्याचं मला लई वाईट वाटलं होतं," म्हणाले. "एरवी आई कायम मधी पडायची."

बुधवार, ८ जानेवारी २०२५

भाषण लिहून झालं. शीर्षक 'एका हरवलेल्या नटाचा शोध'. मामांच्या निधनाची माझी उपपत्ती सरांना फार आवडली : धाकट्या बहिणीच्या पाठवणीनंतर खचलेला कलावंत. सर म्हणाले, शोकांतिकेची उंची आहे. मी रात्री तीच ओळ पुन्हा वाचली आणि मला स्वतःलाच गहिवरून आलं. स्वतःच्या लेखनाने रडणारा एसटीतला मी पहिलाच असेन.

उद्घाटनाला गिरिजाबाईंना बोलवायचं ठरलं. भावाच्या प्रतिमेला त्यांच्या हस्ते हार. फोन केला तर त्यांनी मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मी हार घालायचा? त्याला?"

"आपल्याशिवाय कोणाचा अधिकार आहे?"

"ते बी खरंच," म्हणाल्या. "येते."

सबिहा शेजारीच होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सुनो, एकदा त्यांनाच सरळ विचारा ना, हे कोण म्हणून."

"अगं, बहिणीला भावाबद्दल आणखी किती विचारायचं? त्रास होतो माणसाला."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून हसण्याचा की रडण्याचा आवाज आला. बायकांचं कळत नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

झोप येईना म्हणून पहाटेच उठून लिहितोय. भीती वाटते. आजवर मी हजारो लोकांशी बोललो, पण त्यांच्यापैकी एकही माझ्यासाठी आला नव्हता. सगळे गाडीसाठी आले होते. उद्या येणारे मला ऐकायला येणार. मला नाटकातलं काय कळतं? राग ओळखता येत नाही, ताल धरता येत नाही. कोणी उठून विचारलं, 'नदाफ, हा कोणता राग?' तर मी काय सांगणार, पुढची गाडी किती वाजता?

आणि एक विचित्र गोष्ट. काल मोठा केलेला फोटो घरी आला. इतका मोठा पाहिल्यावर तो नाकावरचा डाग फारच गोल दिसतो. मी थोडा वेळ बघत बसलो. मग फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

रविवार, २ फेब्रुवारी

मी गाढव आहे. हे लिहून झालं, आता पुढचं लिहितो.

अकरा वाजता सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत वाचनालयाची मंडळी, मागे माझे एसटीतले जुने सहकारी. मधोमध स्टँडवर तो मोठा फोटो, खाली मी स्वतः छापून आणलेली पाटी : 'कै. जी. मैंदर्गीकर'. समई, उदबत्ती, शेवंतीचा हार. गिरिजाबाई मुलाच्या गाडीतून आल्या. जांभळी इरकली, अंबाडा, हातात काठी. पंचाक्षरी पहिल्या रांगेत बसले. मामांच्या कौतुकाला आले म्हणून नवा सदरा घातला होता त्यांनी.

शिवयोगीसरांनी माझी ओळख करून दिली. मी बोललो. बोललो म्हणजे वाचलं. 'खचलेला कलावंत' आला तेव्हा माझा आवाज कापला. कोणीतरी मागे नाक शिंकरलं. मग मी हार उचलून बाईंच्या हातात दिला आणि म्हणालो, "बहिणीच्या हस्ते पुष्पांजली."

बाई फोटोपुढे उभ्या राहिल्या. पाटी वाचली. उदबत्तीचा धूर त्यांच्या तोंडावर येत होता, तो त्यांनी हाताने बाजूला केला. हार तसाच हातात.

"घाला ना," मी हळूच म्हणालो.

"जित्या मानसाला असा हार घालत्यात व्हय?"

मला वाटलं, वय झालं, गोंधळल्या. "बाई, ते कैलासवासी..."

"कोन कैलासवासी? म्या? हितं हुबी हाय की!"

सरांनी माईक ओढून घेतला आणि म्हणाले, "बाईंना त्रास होतोय, पाणी आणा."

"पानी नगं," बाई म्हणाल्या. त्यांना माईक लागत नव्हता. तो आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. "ह्यो फोटू माजा हाय. मामा-बिमा कुनी नव्हता. जी म्हंजी गिरिजा. कंपनीत धा वर्सं राजपार्ट केला म्या. मालक म्हनायचे, पार्टाची सही पार्टानंच करायची, म्हनून 'आपला' लिवायची."

मग त्या पहिल्या रांगेकडे वळल्या.

"पंचाक्षरी, तुज्या बापानं मला बघितलं ते स्टेजवरच. मिशीसकट. तरी लगीन केलं. पन घरात आल्यावर म्हनाले, ह्यातलं कुनाला कळता कामा नये. मंग भाऊ केला म्या माजाच. त्यांच्यावर राग न्हाय, चांगले व्हते. पन आता हितली मंडळी सोताच्या फोटूला उदबत्ती लाव म्हनायलेत. ते काय मला जमंना बाबा."

पंचाक्षरी उठले आणि दाराबाहेर निघून गेले.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी माईकपुढे गेलो, घसा साफ केला, आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

हशा असा उसळला की समईची ज्योत हलली. गिरिजाबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. त्या हशात मी 'कै.'ची पाटी उचलून खिशात घातली. पुढे काय जाहीर करावं ते सुचेना, म्हणून नुसतं म्हणालो, "या गिरिजाबाई मैंदर्गीकर. माझं सगळं भाषण चुकलं." सरांनी मान खाली घातली होती. 'मर्दानी सौंदर्य' त्यांनाही आठवत असावं.

सबिहाने मला दाराकडे जायची खूण केली. गेलो.

पंचाक्षरी अंगणात गाडीपाशी उभे होते. किल्ली हातातच होती आणि खिशात शोधत होते.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. सबिहाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

ते गाडीच्या टपाकडे बघत बोलू लागले. "लहानपणी मी फाट्यावर जाऊन बसायचो, नदाफसाहेब. मामा गेला म्हणजे परगावी गेला असं वाटायचं, येईल म्हणून. एस्टी थांबली की वाकून बघायचो, फेटेवाला कोणी उतरतो का. घरी येऊन आईला विचारायचो, मामा का येत न्हाय? ती मला जवळ घ्यायची आणि रडायची. मला वाटायचं, भावासाठी रडते."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात आतून गाणं सुरू झालं. पेटी नाही, तबला नाही. खालच्या पट्टीतून आवाज वर आला. नायक लढाई जिंकून येतो आणि राणीपुढे उभा राहतो, तिथलं पद असावं :

जिंकुनि आलो साती वेशी,
तुझिया दारी हरलो गे...

आवाज फाटत होता. श्वास पुरत नव्हता, ओळ मधेच तुटायची, पण पुन्हा उचलताना ती बरोबर जागेवरून उचलत होती.

"येळवशीला..." पंचाक्षरी म्हणाले.

"हो. तो गडी."

त्यांनी कपाळ गाडीच्या दाराला टेकलं. आत चला म्हणालो तर मान हलवली. बाई 'हरलो गे'वर येऊन थांबल्या, तोवरचं सगळं त्यांनी तिथेच उभ्याने ऐकलं. मी त्यांच्या बाजूला होतो, म्हणून माझंही उभ्यानेच ऐकून झालं. माझ्या स्वतःच्या प्रदर्शनातला सगळ्यांत मोठा प्रसंग मी अंगणात, स्कुटरींच्या रांगेत उभा राहून ऐकला.

नंतर आत गर्दी झाली. माझ्या कपाटातले बाकीचे फोटो भिंतीवर तसेच राहिले, त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. एसटीतली मंडळी बाईंच्या पाया पडत होती. एका मुलीने विचारलं, भीती नाही का वाटायची पुरुष व्हायची? बाई म्हणाल्या, "पुरुस व्हायला कसली भ्या? मिशी लावली की झालं. पुन्यांदा बाई व्हताना लई जड गेलं."

सबिहाला मी कोपऱ्यात गाठलं. "तुला येळवशीलाच कळलं होतं ना?"

"मला मंगळवारीच कळलं होतं. येळवशीला त्यांनी सांगितलं. कोणाला बोलू नको म्हणाल्या, माझं मीच ठरवीन."

"आणि मी एवढं भाषण लिहीत होतो, ते बघत बसलीस?"

"काय करू? तुमचं लिहिणं बघून मलाच रडू येत होतं," ती म्हणाली. चेष्टा की खरं, ते विचारायची हिंमत झाली नाही.

मोठा केलेला फोटो बाईंना देऊ केला. "नगं," म्हणाल्या, "घरात मावायचा न्हाय." आणि काठी टेकत बाहेर निघाल्या. पंचाक्षरींनी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं होतं. आईकडे न बघता त्यांनी तिचा पदर आत घेतला आणि दार लावलं. मी खिडकीशी निरोप घ्यायला गेलो. माफी मागायची होती, वाक्य जुळवत होतो. पंचाक्षरींनी गाडी सुरू केली, पण हलवली नाही. समोर बघत म्हणाले,

"अव्वा, मुंदेन?"

अक्कलकोट डेपोत काढलेल्या वर्षांत एवढी कानडी मला आली आहे. आई, पुढे काय?

बाईंना आधी वाटलं की मुलगा घराचं विचारतोय, लोकांचं विचारतोय. त्या म्हणाल्या, "काय न्हाय रे, चार दिस बोलतील..."

"तसं न्हाय. हरलो गे, त्याच्या पुढं काय हाय?"

बाई मुलाकडे वळल्या. हॉलमध्ये श्वास संपला म्हणून त्यांनी तिथेच पद सोडलं होतं. मला पुढचं ऐकायचं होतं. मी नकळत खिडकीत वाकलो.

पंचाक्षरींनी हात जोडून माझा निरोप घेतला आणि काच वर केली.

गाडी बराच वेळ जागची हलली नाही. आतलं मला काहीच ऐकू येत नव्हतं. बाईंचे ओठ हलताना दिसत होते. पंचाक्षरी स्टिअरिंगवर वाकले होते आणि आईचा हात त्यांच्या पाठीवर ठेका धरत होता.

"चला," सबिहा म्हणाली, "खुर्च्या उचलायच्यात." आम्ही आत गेलो.